नववी ‘ड’ आणि बेचाळीस मृत्युलेख

जगातल्या कुठल्याही माणसाकडून मी वेळेत मजकूर लिहून घेऊ शकतो. ही फुशारकी नाही, बावीस वर्षांची नोकरी आहे. मी एका दैनिकात वृत्तसंपादक आहे. एका बातमीदाराचं अपेंडिक्स काढायचं होतं, तेव्हा भूल चढायच्या आत त्याच्याकडून शेवटचा परिच्छेद लिहून घेतलाय मी! परिच्छेद उत्तम होता. फक्त शेवटचं वाक्य घसरत घसरत कागदाबाहेर गेलं होतं, ते आम्ही चादरीवरून उतरवून घेतलं.

त्यामुळे रविवारी जेवताना बायको म्हणाली, “मुलं लिहीतच नाहीत हो, मी हात टेकले,” तेव्हा मी ताटातून मान वर न करता म्हणालो, “माझ्याकडे दे. शुक्रवारी चार वाजता सगळं तुझ्या टेबलावर असेल.”

तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

बायको शाळेत भाषा शिकवते आणि नववी ‘ड’ची वर्गशिक्षिका आहे. त्या शाळेत ‘अ’ म्हणजे हुशार, ‘ब’ म्हणजे बरे, ‘क’ म्हणजे कसेबसे. ‘ड’ म्हणजे काय ते कोणी सांगत नाही, नुसता सुस्कारा सोडतात. वर्गात बेचाळीस मुलं. प्रत्येकाने ओळखीच्या एका माणसाचा दोन पानी ‘व्यक्तिपरिचय’ लिहायचा होता. दीड महिन्यात तीन वह्या आल्या. त्यातल्या दोन अक्षरशः सारख्या होत्या आणि तिसऱ्या वहीत एका मोटारसायकलचा परिचय होता. ‘ती स्वभावाने मनमिळाऊ आहे,’ अशी सुरुवात.

शनिवारी तपासणी पथक येणार होतं. मुख्याध्यापकांनी बायकोला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, “बाई, किमान पस्तीस वह्या दिसल्या नाहीत तर ‘ड’ तुकडी बंद. मुलं इतर तुकड्यांत शेवटच्या बाकांवर वाटून टाकू. आणि तुम्ही शाखेत.”

शाखा म्हणजे संस्थेची दुसरी शाळा. दोन बस बदलून पोचायचं, पहाटे साडेपाचला घर सोडायचं. बायको साडेपाचला घर सोडणार, म्हणजे तिचा डबा, मुलीची वेणी, आईच्या गोळ्या आणि दूध ही चारही खाती माझ्याकडे येणार. पाठदुखीसाठी मी आठ दिवसांची रजा घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, “संपूर्ण विश्रांती. उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, चिडायचं नाही.”

मी शाळेत गेलो.

सोमवारी सकाळी बायकोने वर्गाला माझी ओळख करून दिली. “हे पेपरात मोठ्या पदावर आहेत. तुम्हाला लिहायला शिकवणार आहेत.”

बेचाळीस चेहऱ्यांवर काहीही उमटलं नाही. वर्ग तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. चार पंख्यांपैकी दोन फिरत होते, एक फिरण्याचा विचार करत होता. मी बातमी म्हणजे काय ते सांगितलं. मुदत पाळणं म्हणजे काय ते सांगितलं. अपेंडिक्सची गोष्ट सांगितली. ती ऐकून आजवर सगळे हसलेत. इथे फक्त पहिल्या बाकावरच्या एका बारीक, टोकदार मुलीने हात वर केला. तिला वर्ग टाचणी म्हणतो.

“सर, पेपर कोण वाचतं?”

“लोक वाचतात.”

“कुठले लोक?”

मी विषय बदलला. “जो सर्वात छान लिहील त्याला बक्षीस!”

“काय?” मागून भरघोस आवाज आला. आवाजाला मिशी होती. हा मुलगा नववीत तिसऱ्यांदा बसला होता म्हणून त्याला आजोबा म्हणत.

“पेन.”

“पेन आहे आमच्याकडे,” आजोबा म्हणाला. मग दप्तरात हात घालून बराच वेळ चाचपडला. “होतं.”

त्याच्या शेजारी सायलेन्सर बसायचा, मोटारसायकलचा चरित्रकार. तो दिवसभर तोंडाने इंजिनाचा आवाज काढी. मी बोलत असताना त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि तास संपेपर्यंत काढली नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “किती ओळी?”

“पाया घालतोय,” मी म्हणालो आणि पाठीला शेक घेत पडलो.

मंगळवारी पाया खचला. मी त्यांना आपापल्या आईवर लिहायला सांगितलं. सव्वीस जणांनी लिहिलं, ‘माझी आई मला खूप आवडते.’ पुढे काय, असं विचारल्यावर म्हणाले, “एवढंच.” दहा जणांनी शीर्षकाखाली रेघ मारली. उरलेले त्या रेघेसाठी पट्टी मागत होते. मी टेबलावर बसलो. बावीस वर्षांत मी संपादकांना, मालकांना, छपाईयंत्राला आणि मुसळधार जाहिरातींना तोंड दिलंय, पण ज्यांना काहीच नको आहे अशा माणसांपुढे काय ठेवायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कार्यालयातून माझ्या खुर्चीवर बसवलेला सहकारी बोलत होता. तो घाबरला की ओरडतो, त्यामुळे पुढचं सगळं वर्गाने ऐकलं.

“साहेब, त्या म्हाताऱ्या नटांचा मजकूर कुठे ठेवलाय?”

“तिसऱ्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये. गेले का?”

“नाही, पण दवाखान्यात हलवलंय.”

“मग हाताशी ठेव. वय तपासून घे. गेल्या वेळी काढून ठेवलं होतं तेव्हा ते बरे झाले. आता दोन वर्षं वाढवायला लागतील.”

फोन ठेवला आणि मला जाणवलं की सायलेन्सर बंद पडलाय. वर्गात पहिल्यांदा शांतता होती. बेचाळीस जण माझ्याकडे बघत होते!

“सर,” टाचणी हळूच म्हणाली, “कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग ते हाताशी काय ठेवायला सांगितलं?”

खरं सांगायचं तर मी दमलो होतो. दमलेला माणूस खरं बोलतो. मी सांगितलं, की मोठी माणसं वेळ सांगून जात नाहीत आणि पेपर तर वेळेवर निघायला हवा. म्हणून त्यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. जन्म, शिक्षण, काम, गुण, दोष, सगळं. फक्त तारीख आणि वेळ रिकामी.

“म्हणजे माणूस जिवंत आहे,” आजोबा उठून उभा राहिला, “आणि तुमच्या कपाटात तो मेलाय?”

“हो.”

“त्याला माहितीये?”

“छे! त्याला कळू द्यायचं नाही, हा तर पहिला नियम.”

आजोबा शेवटचा बाक सोडून पुढे आला आणि पहिल्या बाकाच्या कडेला टेकला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच इतका पुढे आला होता, असं बायकोने नंतर सांगितलं.

“सर, आपण लिहायचे?”

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? समोर बेचाळीस मुलं डोळे लकाकवत बसलीत, शुक्रवारला तीन दिवस उरलेत, पाठ दुखतेय. आणि माझ्या डोक्यात हिशेब स्वच्छ होता: मृत्युलेखाचं पहिलं वाक्य छाटलं की खाली उरतो तो व्यक्तिपरिचय! शुक्रवारी दुपारी मी लाल पेन घेऊन बसणार, बेचाळीस वाक्यं छाटणार, कोणाला पत्ता लागणार नाही. मी ‘हो’ म्हणालो.

मग मी धंद्यातले सगळे नियम सांगितले. प्रत्येक माहिती दोन सूत्रांकडून तपासायची. पुराव्याशिवाय स्तुती करायची नाही. वाईट गोष्ट खरी असेल तर सभ्य शब्दांत लिहायची. एका माणसावर एकानेच लिहायचं. टाचणीने तर वहीत समास आखून उतरवून घेतलं.

“आणि सर, तो माणूस खरंच गेला तर?”

“तर रिकामी जागा भरायची आणि दहा मिनिटांत मजकूर लोकांपुढे गेला पाहिजे. अकराव्या मिनिटाला ती बातमी राहत नाही.”

हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो. अजून कानात वाजतं.

मुलांनी शाळा वाटून घेतली. मुख्याध्यापक टाचणीने घेतले, शिपाईमामा आजोबाने. पंधरा शिक्षक, ग्रंथपालबाई, पहारेकरी, फाटकासमोरचा सायकल दुरुस्तीवाला, बसचे दोन चालक, बाकी आपापल्या गल्लीतले. सायलेन्सरने विचारलं, मोटारसायकल चालेल का. मी म्हणालो, माणूसच पाहिजे. तो खट्टू झाला आणि गणिताचे सर घेतले.

बुधवारी शाळा ढवळून निघाली. नववी ‘ड’ मधल्या सुट्टीत वह्या घेऊन हिंडत होती! शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर भारावून सांगत होते, “अहो, तो इंजिनवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, तुमचं बालपण कसं गेलं? सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं! माझ्या सौभाग्यवतींनीसुद्धा नाही!”

“मला त्यांनी आवडता रंग विचारला,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “आणि रक्तदाब.”

“रक्तदाब कशाला?”

“काय माहीत. पण वरचा आणि खालचा, दोन्ही लिहून घेतले हो. किती काळजीने!”

मुख्याध्यापकांनी टाचणीला सव्वादोन तास दिले. त्यांना शाळेत वीस वर्षं होत आली होती, म्हणून त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की आपल्यावर गौरवग्रंथ निघतोय. बायकोला बाजूला घेऊन ते म्हणाले, “बाई, मला सगळं समजलंय. पण मला समजलेलं नाही असं मी दाखवतोय. तुम्हीही दाखवा.” आणि कोट-टायमधला एक फोटो तिच्या हातात ठेवला. “लागला तर.”

टाचणीनेही दोन सूत्रांचा नियम सोडला नाही. त्यांच्या जन्मतारखेचा दाखला मागितला. शेवटी विचारलं, “सर, काही आजार?”

“साखर आहे थोडी. का गं?”

“नाही, कारण लिहायला सोपं जातं.”

ते खूश होऊन म्हणाले, “लिही लिही, प्रांजळपणा हवाच.”

घरी बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. “अहो, ही जादू केलीत तरी कशी? ज्या पोराला स्वतःचा हजेरी क्रमांक माहीत नाही, तो आज शिपाईमामांच्या गावचा इतिहास विचारत होता.”

“युक्ती आहे एक.”

“कोणती?”

“धंद्यातलं गुपित.”

“आजार कशाला विचारतायत पण सगळ्यांचे?”

“माहिती परिपूर्ण नको?” मी म्हणालो आणि कूस बदलली. पाठीत कळ आली. ती सद्सद्विवेकबुद्धीची असावी.

आई पलंगावरून म्हणाली, “सूनबाई, हा लहानपणी असं तोंड करायचा तेव्हा शेजारी काच फुटलेली असायची.”

गुरुवारी दुपारी बेचाळीस लेख माझ्यासमोर होते. बेचाळीस! मी ते घरी आणले, लाल पेन उघडलं आणि पहिले दहा वाचून बंद केलं. हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी होत होतं. सायलेन्सरने लिहिलं होतं, ‘सरांच्या मागे पत्नी, दोन मुली, उच्च रक्तदाब आणि एक जुनी स्कूटर असा परिवार आहे. स्कूटरचा क्लच बदलायला हवा होता.’ आणि आजोबाने शिपाईमामांवर लिहिलं होतं: ‘मामांना गुडघेदुखी होती. तरी ते रोज तिसऱ्या मजल्यावर येऊन आमच्या वर्गाबाहेर घंटा वाजवत, कारण खालची घंटा ‘ड’ला ऐकू येत नाही. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. आता सुट्टी झाली हे आम्हाला कळणार नाही.’

असा परिच्छेद आमच्या दैनिकात मी शेवटचा कधी वाचला ते आठवेना. शुद्धलेखन तेवढं सुधारलं. समासात ‘उत्तम’ लिहिलं.

पहिली वाक्यं मात्र मी त्या दिवशी छाटली नाहीत. ती छाटली तर मुलांचा लिहिण्यातला जीव जाईल, मग पक्की प्रत कोण काढणार? म्हणून लेख तसेच परत दिले आणि सांगितलं, उद्या सकाळी पक्क्या वहीत उतरवा, मी दहाला येतो.

शुक्रवार. आता मी वेळेनुसार सांगतो, म्हणजे कोणाचा दोष किती ते तुम्हालाच ठरवता येईल.

शनिवारी पथकापुढे आपत्ती बचावाचं प्रात्यक्षिक होणार होतं. त्याची तालीम शुक्रवारी सकाळी ठेवली होती. अ, ब, क तुकड्या मागच्या मैदानात रांगेत उभ्या. ‘ड’ला सांगितलं होतं, तुम्ही वर्गातच बसा, दार लावून, नाहीतर गोंधळ घालाल. कशाची तालीम आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ‘ड’ला काही सांगायची पद्धत नव्हती.

तालमीसाठी जखमी माणूस हवा होता. एकही शिक्षक जमिनीवर झोपायला तयार होईना. मुख्याध्यापक म्हणाले, “मी झोपतो. नेतृत्व म्हणजे हेच.” त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, म्हणून त्यांनी तोंडावर पांढरा रुमाल ओढला. रुग्णवाहिका बाजूच्या फाटकातून त्यांना घेऊन निघाली. दवाखान्यापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. फोन त्यांनी शिपाईमामांकडे दिला होता.

बाजूचं फाटक नववी ‘ड’च्या खिडकीतून स्पष्ट दिसतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. सायलेन्सरने पाहिलं. आजोबाने पाहिलं. दोन स्वतंत्र सूत्रं, दोन वेगळ्या खिडक्या! टाचणीने दोघांना वेगवेगळं विचारलं. “रुमाल कुठपर्यंत?” “पूर्ण तोंडावर.” “हलत होते?” “नाही.” तिने रिकामी जागा भरली. कारणापुढे लिहिलं, ‘निश्चित कारण समजू शकले नाही. त्यांना मधुमेह होता.’ बायकोच्या टेबलाच्या खणातून कोट-टायमधला फोटो काढला, काळ्या पेनाने चौकट आखली. नऊ पन्नासला मजकूर दर्शनी फलकावर होता.

दहा मिनिटं. सांगितल्याप्रमाणे.

मागच्या मैदानातून परत आलेल्या गणिताच्या सरांनी तो वाचला. “अरे, आत्ता तर मी त्यांना उचलून गाडीत ठेवलं!” ते म्हणाले. मग पुन्हा वाचला. “‘निधन झाले’ असं स्पष्ट लिहिलंय.” त्यांनी रुग्णवाहिकेच्या चालकाला फोन लावला, त्याने उचलला नाही. “वाटेत झालं असेल,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “मला उचलतानाच जड वाटले होते,” गणिताचे सर म्हणाले आणि मटकन खाली बसले. पाटीवर फोटोसकट लागलेलं दिसलं की माणसं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. माझं घर याच गोष्टीवर चालतं, म्हणून मला माहीत आहे.

एका पालकाने फलकाचा फोटो काढून पालकांच्या गटावर टाकला. दहा वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या शाळेने दोन मिनिटं शांतता पाळून सुट्टी दिली. तिथली मुलं टाळ्या वाजवत बाहेर पडली.

मी सव्वादहाला पोचलो. फलकापुढे दोनशे माणसं खाली मान घालून उभी. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, मजकूर बघितला, आणि मीही मान खाली घातली. दुःखाने नव्हे! फलकावर पक्की प्रत नव्हती. घाईत त्यांनी कालचीच प्रत लावली होती. प्रत्येक ओळीत माझं लाल पेन. समासात माझ्या हातचं ‘उत्तम’.

बायको फलकाशी उभी होती. डोळे पुसता पुसता तिचा हात थांबला. ती वाकली, समास नीट बघितला आणि सावकाश माझ्याकडे वळली.

“हे अक्षर कोणाचं आहे?”

“अगं, ऐक तरी...”

“ते गेलेत हे तुम्हाला काल माहीत होतं?”

“काल ते जिवंत होते!”

“मग ‘उत्तम’ काय आहे यात?”

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष पुष्पचक्र घेऊन आले. भलं मोठं, गाडीच्या चाकाएवढं. ते फलकाखाली टेकवायला जागा होईना, म्हणून हातातच धरून उभे राहिले. आणि त्याच वेळी बाजूच्या फाटकाशी रुग्णवाहिका थांबली. चालकाने वाटेत चाकात हवा भरून घेतली होती, म्हणून उशीर.

मुख्याध्यापक उतरले, कोट झटकला, गर्दी बघून खूश झाले. गौरवग्रंथाचं काहीतरी असणार! मागच्या रांगेत येऊन ते टाचा उंचावून बघू लागले.

“काय लागलंय?” त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं.

“श्श! शांत राहा. मुख्याध्यापक वारले.”

“अरेरे! कुठले?”

“इथलेच.”

“इथले?” ते म्हणाले. “केव्हा?”

“नऊ चाळीसला.” पुढचा माणूस बोलता बोलता मागे वळला आणि त्याने फोडलेली किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. गर्दी दुभंगली. अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, हातातल्या चक्राकडे बघितलं, आणि काहीच न सुचून चक्र त्यांच्याच हातात दिलं. “हे जरा धरा,” म्हणाले आणि खिशातला रुमाल शोधू लागले.

मुख्याध्यापक चक्र धरून आपला मृत्युलेख वाचत उभे राहिले. पूर्ण वाचला. पान उलटून मागचंही वाचलं.

साडेदहाला आम्ही त्यांच्या खोलीत होतो. ते खुर्चीत, अध्यक्ष सोफ्यावर, बायको दाराशी, मी बायकोपासून शक्य तितका लांब. शिपाईमामा पाण्याचे पेले घेऊन उभे. आणि टेबलापुढे टाचणी.

“हे तू लिहिलंस?”

“हो सर.”

“यात धडधडीत चूक आहे.”

टाचणी दुखावली. “कुठली, सर? सगळं दोन ठिकाणी तपासलंय.”

“मी मेलेलो नाही!”

“हो सर. ते सोडून?”

अध्यक्षांना खोकला आला. मुख्याध्यापकांनी चष्मा लावला. मला वाटलं, झालं. तुकडी गेली, बायको शाखेत गेली, मी कुठे जाणार ते आज घरी कळेल.

“हे बघ,” ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, “‘सरांनी शाळेला नवी इमारत दिली.’ बरोबर. ‘ते कधी उशिरा आले नाहीत.’ बरोबर. पण हे काय? ‘त्यांना ‘ड’ तुकडीतल्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं.’ याला पुरावा?”

“सर,” टाचणी म्हणाली, “माझं नाव काय?”



परवाच ही मुलगी त्यांच्यासमोर सव्वादोन तास बसली होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. बायको जमिनीकडे बघत होती. शिपाईमामांनी मदतीसाठी ओठ हलवून नाव सुचवलं, पण मुख्याध्यापकांना ते वाचता आलं नाही.

“बस,” ते शेवटी म्हणाले. “बस, बाळ.”

टाचणी बसली. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. “तुमचं ते लाल पेन द्या.”

मी दिलं. त्यांनी पहिलं वाक्य स्वतःच्या हाताने छाटलं. नावांच्या वाक्यावर पेन दोनदा टेकलं आणि दोनदा उचललं. शेवटी ते तसंच ठेवून कागद टाचणीला परत दिला.

“पक्की प्रत काढ. उद्या पथकाला हीच दाखवायची. आणि बाई,” ते बायकोला म्हणाले, “तुमचा हजेरीपट आणून ठेवा माझ्या टेबलावर.”

शनिवारी पथकाने बेचाळीस वह्या वाचल्या. ठरलेली वेळ अर्ध्या तासाची होती, ते तीन तास उठले नाहीत. शिपाईमामांवरचा लेख तर त्यांनी मामांनाच समोर बसवून मोठ्याने वाचला. मामा म्हणाले, “आता जरा जपूनच राहायला हवं, एवढं चांगलं पुन्हा कोण लिहिणार?” मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला नावाने पुढे बोलावत होते. दोन नावं चुकली. मुलांनी सभ्य शब्दांत दुरुस्त केली.

नववी ‘ड’ वाचली! मी सुटकेचा श्वास सोडला. घरी येऊन आईला सांगितलं, मुलीला सांगितलं, पाठीलाही सांगितलं. बायकोने शुक्रवारपासून माझ्याशी धरलेला अबोला रविवारी दुपारी सोडला, तोही स्वतःहून. “मुलं खरंच छान लिहितात हो,” एवढंच म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी ती शाळेतून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. मी नेहमीच्या सवयीने आधी तारीख बघितली, मग मजकूर.

संस्थेचा आदेश होता. तपासणी पथकाच्या अहवालात नववी ‘ड’च्या वर्गशिक्षिकेचं मुक्तकंठाने कौतुक होतं. ज्या तुकडीने कधी एक ओळ लिहिली नव्हती, त्या तुकडीतल्या शंभर टक्के मुलांना लिहितं करणाऱ्या शिक्षिकेची संस्थेला अन्यत्र अधिक गरज आहे, असं त्यात म्हटलं होतं. शाखेत अशा तीन तुकड्या आहेत. बाईंनी पुढच्या सोमवारपासून तिथे रुजू व्हावं. नववी ‘ड’ मुख्याध्यापकांनी स्वतःकडे मागून घेतली आहे.

मी कागद दोनदा वाचला. मजकुरात छाटण्यासारखं काहीही नव्हतं.

“चिडलीस?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, बाकी काही नाही. “एकच विचारू? पस्तीस पुरणार होते ना? मग बेचाळीसच्या बेचाळीस कशाला लिहून घेतलेत?”

बावीस वर्षांत मला थोडक्यात थांबायला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने घड्याळ घेतलं, पावणेपाचचा गजर कसा वाजतो ते एकदा वाजवून बघितलं, आणि माझ्या उशाशी ठेवलं.